दक्षता बाजारपेठेची, जबाबदारी शासनाची

मुंबईच्या झवेरी बाजाराने दहशतवादाचा घाव तीन वेळा सोसला आहे. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत शहरभरात २५७ जणांचे प्राण गेले. शेअर बाजार आणि कथ्था बाजार यांच्याबरोबर झवेरी बाजारही त्या दिवशी हादरला. पुढे २५ ऑगस्ट २००३ आणि १३ जुलै २०११ रोजी याच परिसरात पुन्हा स्फोट झाले. २०११ मध्ये हिऱ्यांच्या व्यापाराचे ऑपेरा हाउसही लक्ष्य ठरले. म्हणूनच व्यापारी कुटुंबांना हा विषय परका मानता येणार नाही.

शासनाची जबाबदारी यात पहिली आहे. १९९३ ची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणांनी लाच घेऊन त्यांना वाट मोकळी करून दिली. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. लाच घेणाऱ्याला वाटते, माल सोन्याचा असेल किंवा चांदीचा. पेटीत मृत्यूही असू शकतो, हे तो विसरतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली, परंतु मुंबईतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे जाळे पूर्ण व्हायला २०१६ साल उजाडले. अशा विलंबाचा जाब विचारणे हा नागरिकांचा अधिकारच नव्हे, तर कर्तव्यही आहे.

तथापि, प्रत्येक गल्लीत पोलीस उभा करता येत नाही. २००३ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळ ज्या टॅक्सीत स्फोट झाला, तिचा चालक दूर गेला असल्याने बचावला. आपल्या प्रवाशांविषयी त्याने दिलेल्या माहितीतून पोलीस आरोपींपर्यंत पोहोचले. सामान्य माणसाची सजग नजर तपासाला किती मोलाची ठरते, याचे हे उदाहरण आहे.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. ग्राहकाची ओळखपत्रे मागितली की अनेकांना तो अविश्वास वाटे. वास्तविक, दहशतवादाला शस्त्राइतकाच पैसा लागतो आणि तो पैसा खोट्या नावाच्या खात्यांतून फिरतो. उच्च प्रतीच्या बनावट नोटांची तस्करी वा प्रसार करून देशाच्या आर्थिक सुरक्षेला धोका पोहोचविणे, हे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यानुसार दहशतवादी कृत्य ठरू शकते. गल्ल्यात आलेली बनावट नोट ‘पुढे खपवून टाकू’ म्हणणाऱ्याने याचा विचार करावा. ती बँकेत द्यावी. बँक ती जप्त करून पोच देते. नुकसान एका नोटेचे होते, साखळी मात्र तुटते.

गोदाम भाड्याने देताना करार व ओळख तपासावी, जुने वाहन विकल्यावर नोंदणी त्वरित बदलून घ्यावी, आपले खाते दुसऱ्यास वापरू देऊ नये. मात्र संशय कृतीवर घ्यावा, कोणाच्या धर्मावर वा पेहरावावर नव्हे. अफवा पसरविण्याऐवजी ११२ क्रमांकावर कळवावे. निरपराध शेजाऱ्याला दूर लोटणारी जागरूकता दहशतवाद्यांचेच काम सोपे करते.

चोख हिशेब ही व्यापाऱ्याची जुनी प्रतिष्ठा आहे. आज ती देशाच्या सुरक्षेचाही भाग झाली आहे.