मनाचें नवीकरण

शरीर बळकट व्हावें म्हणून शाळेंत खेळाचें मैदान असतें. बुद्धि तरतरीत व्हावी म्हणून गणित, व्याकरण, इतिहास इत्यादि विषय शिकवितात. परंतु ज्या मनाच्या सांगण्यावरून हें शरीर हालतें व ही बुद्धि आपली शक्ति खर्च करिते, तें मन कशानें सुधारतें, हा प्रश्न वेळापत्रकांतील कोणत्याहि तासांत बसत नाहीं. तथापि हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यास उत्तम गणित येतें तो खोटा हिशेब अधिक सफाईनें लिहूं शकतो, आणि जो उत्तम वक्ता आहे तो दुसऱ्याची निंदा अधिक गोड शब्दांनीं करूं शकतो. विद्या हें साधन आहे. तें कोणत्या कामीं लावावयाचें हें मन ठरवितें. म्हणूनच ख्रिस्ती धर्मांत मनाच्या नवीकरणास इतकें महत्त्व दिलें आहे. त्याचा अर्थ काय, तें कसें घडतें, आणि घडलें किंवा नाहीं हें कशावरून ओळखावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

ही कल्पना पौल प्रेषितानें रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत आढळते. तें पत्र इसवी सन ५७ च्या सुमारास लिहिलें गेलें. त्याच्या १२ व्या अध्यायाच्या आरंभीं तो वाचकांस दोन गोष्टी सांगतो. जगाची जी रहाटी चालू आहे तिच्या सांच्यांत स्वतःस ओतूं देऊं नये, ही पहिली. आणि मन नवें होऊन आपलें रूपच पालटूं द्यावें, ही दुसरी. मूळ ग्रीक भाषेंत या दोन गोष्टींसाठीं दोन निराळीं क्रियापदें योजिलीं आहेत. पहिलें 'स्खेमा' या शब्दापासून झालेलें असून त्याचा अर्थ बाहेरचा आकार किंवा ढब असा होतो. दुसरें 'मॉर्फे' म्हणजे रूप या शब्दापासून झालेलें आहे. हें दुसरें क्रियापद सबंध नव्या करारांत अवघें चार वेळां आलें आहे, आणि त्यांपैकीं दोन वेळां तें डोंगरावर प्रभु येशूचें रूप पालटून तें तेजस्वी झालें त्या प्रसंगासंबंधानें आहे. यावरून पौलास कोणता पालट अभिप्रेत होता तें कळून येईल. पोशाख, नांव, किंवा बोलण्याची तऱ्हा बदलणें हें त्याच्या मनांत नव्हतें. आंतलें तेज बाहेर प्रगट व्हावें, असा तो पालट आहे.

ज्या विद्यार्थ्यांस व्याकरणाचा कंटाळा येतो त्यांनीं येथें थोडा धीर धरावा, कारण या क्रियापदाच्या व्याकरणांत मोठा बोध सांठविलेला आहे. एक तर तें चालू क्रिया दाखवितें: 'एकदां पालटून मोकळे व्हा' असें नव्हे, तर 'पालटत राहा' असा त्याचा भाव आहे. दुसरें असें कीं, तें कर्मणि आहे: मनुष्यानें स्वतःच्या जोरावर स्वतःस पालटावें असें नव्हे, तर ईश्वराच्या हातून पालटून घ्यावें. या दोन गोष्टी ध्यानांत राहिल्या तर दोन मोठ्या चुका टळतात. बाप्तिस्मा झाला, आतां कांहीं उरलें नाहीं, असें मानणें ही पहिली चूक. मी निश्चय करीन, वहींत नियम लिहीन, आणि चांगला होईन, असें मानणें ही दुसरी. पहिलीनें मनुष्य आळशी होतो. दुसरीनें तो आधीं गर्विष्ठ व मागाहून निराश होतो.

आतां हें तत्त्व एका जीवनांत कसें खरें झालें तें पाहूं. पंडिता रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा विरोध सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें मुलीस शिकविलें. भागवताचे हजारों श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरे; पुढें दुष्काळांत अन्नावांचून आईबाप वारले. १८७८ सालीं भाऊ श्रीनिवास याजबरोबर त्या कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा पाहून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या रोगानें तेहि गेले. तेविसाव्या वर्षीं पदरीं एक तान्ही मुलगी घेऊन बाई एकट्या राहिल्या.

सिल्चर येथें असतांना घरांतील पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली होती, आणि तिनें त्यांचें मन ओढून घेतलें होतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथील ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांचा तिरस्कार न करितां त्यांची शुश्रूषा करितात, हें त्यांनीं लंडनाजवळच्या एका आश्रमांत पाहिलें. असें कां करितां, म्हणून त्यांनीं विचारिलें. तेव्हां त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय वाचून दाखविण्यांत आला. त्यांत विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीशीं प्रभु येशूनें केलेलें संभाषण आहे. ज्या स्त्रीशीं बोलणें लोकांस कमीपणाचें वाटे, तिच्याशींच त्यानें खऱ्या उपासनेची गोष्ट काढली, हें वाचून बाईंचा निर्णय झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा व कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ चरित्रें येथें येऊन थांबतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें खरी कथा येथून पुढें सुरू होते. इंग्लंडांत असतांनाच बाईंच्या मनांत अनेक शंका उठल्या. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथीया बील व वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशीं त्यांनीं धर्माच्या गहन तत्त्वांविषयीं लांबलचक पत्रव्यवहार केला. केवळ गुरूंनीं सांगितलें म्हणून एखादी गोष्ट मान्य करावयाची, हें त्यांस पसंत नव्हतें. त्या ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं, कीं देशी वेष टाकिला नाहीं. मन नवें होणें म्हणजे विचार करण्याचें सोडून देणें, किंवा आपला देश व भाषा परकी मानणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हीं पत्रें अवश्य वाचावीं.

पुढें ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन स्थापिलें, व दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. आतां त्यांचें नांव दोन खंडांत गाजत होतें, काम जोरांत चाललें होतें, आणि धर्मज्ञानहि कमी नव्हतें. तरीसुद्धां १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्या स्पष्ट सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, पण त्या धर्माचें जीवन जो ख्रिस्त, तो लाभला नव्हता. विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मगुरूचें आत्मवृत्त वाचीत असतां त्यांस ही उणीव कळून आली. हॅस्लम हे कॉर्नवॉल प्रांतांत कित्येक वर्षें लोकांस उपदेश करीत होते. आणि १८५१ सालीं एके दिवशीं उपदेश करीत असतांनाच त्यांचें स्वतःचें परिवर्तन झालें! उपदेशकास व्यासपीठावर जी गोष्ट कळली, ती पंडितेस पुस्तक हातीं असतां कळली. धर्माविषयीं पुष्कळ माहिती असणें आणि प्रभूची ओळख असणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या मुलामुलींनीं या वाक्यावर क्षणभर थांबावें. शास्त्राच्या परीक्षेंत पहिला नंबर येणें ही चांगली गोष्ट आहे. पण तेवढ्यावरून मन नवें झालें असें होत नाहीं.

मन नवें झालें तें पुढें कसोटीस लागलें. १८९३ सालीं शारदासदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात, यावरून पुण्यांत मोठा वाद माजला. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादाच्या दोन्ही बाजूंविषयीं अद्यापि मतभेद आहेत, व ते येथें सोडवावयाचे नाहींत. आपणांस एवढेंच पाहावयाचें आहे कीं, बाईंनीं या आघातानें कडू होऊन काम टाकिलें नाहीं. तीन वर्षांनीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हें त्यांस ठाऊक होतें. आईबापांचें मरण त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्या स्वतः त्या प्रांतांत गेल्या आणि निराधार विधवा व मुलींस घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें त्यांनीं घेतलेल्या जमिनीवर 'मुक्तिसदन' उभें राहिलें. तेथें शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग चालत. अंध मुलींस स्पर्शानें वाचावयास शिकवीत. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां तेथील मुलींसहि त्याच दारांतून आंत घेतलें. जें दुःख दुसऱ्या एखाद्यास जगावर रागावण्याचें कारण झालें असतें, तेंच येथें शेंकडों अनाथांचा आश्रय झालें. आठवण तीच राहिली; मनानें तिचें काय करावयाचें तें मात्र पालटलें.

बुद्धीचेंहि तसेंच झालें. लहानपणीं पाठ केलेलें संस्कृत व व्याकरणाचा तो कसलेला अभ्यास वायां गेला नाहीं. पवित्र शास्त्र साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत असावें, म्हणून उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध शास्त्राचें भाषांतर करावयास घेतलें. मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच त्याचे खिळे जुळविले. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारल्या, तरी बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. पंडितेची विद्वत्ता अशा रीतीनें ओंव्या म्हणणाऱ्या बायांच्या सेवेस लागली. ईश्वर मनुष्याची बुद्धि काढून घेत नाहीं. तिचा धनी मात्र पालटतो.

या चरित्रावरून नवीकरणाचीं साधनें कोणतीं तें सहज दिसून येतें. पहिलें, शास्त्रवाचन, परंतु तें घाईचें वाचन नव्हे. रोज दहा ओळी वाचून त्यांतील एक गोष्ट दिवसभर मनांत घोळवावी, हें एका बैठकींत दहा अध्याय उरकण्यापेक्षां अधिक गुणकारी आहे. दुसरें, प्रार्थना, आणि तींत केवळ मागणें नसावें, तर ईश्वरापुढें स्वस्थ बसून आपला राग, मत्सर, भीति यांस त्यांच्या खऱ्या नांवानें हांक मारणें असावें. तिसरें, प्रामाणिक शंका. शंका लपविली कीं ती कुजते. वडील मनुष्यास विचारिली कीं तिचें ज्ञान होतें. चौथें, मंडळीची संगत. कारण निखारा चुलींतून बाजूस काढला म्हणजे लवकरच त्याची राख होते. आणि पांचवें, सेवा. हात कामाला लागल्यावांचून मन फार काळ नवें राहत नाहीं.

मन नवें होत आहे हें ओळखावें कशानें? पौलानें उपदेशाच्या पाठोपाठच त्याची खूण दिली आहे. त्याच अध्यायांत तो पुढें सांगतो कीं, मनुष्यानें स्वतःस वाजवीपेक्षां मोठें मानूं नये. मंडळी हें एक शरीर आहे व प्रत्येकजण त्याचा अवयव आहे. प्रीतींत ढोंग नसावें. आणि वैरी भुकेला असेल तर त्यास खावयास द्यावें. डोळे भरून येणें किंवा अंगावर रोमांच उभे राहणें ही खूण त्यानें सांगितली नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनो, ज्या सोबत्यानें तुमची चहाडी केली त्याचें पुस्तक हरवलें असतां आपलें पुस्तक त्यास द्यावेंसें वाटतें काय? दुसऱ्याचा नंबर वर गेला असतां मनापासून आनंद होतो काय? परीक्षेच्या खोलींत कोणी पाहत नसतां नजर आपल्याच कागदावर राहते काय? या लहान प्रश्नांचीं उत्तरें जसजशीं बदलत जातील, तसतसें मनाचें रूप पालटत आहे असें समजावें.

आईबापांसहि एक विनंति आहे. मुलांची प्रगति आपण दर सहामाहीस गुणपत्रकावरून पाहतां. मनाची वाढ तशी मोजतां येत नाहीं, आणि घाईहि तींत चालत नाहीं. रमाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीस बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं. तेव्हां मुलानें एखादी अवघड शंका काढली तर त्यास दटावूं नये, आणि एखादा दोष पुन्हां पुन्हां दिसला तर 'हा सुधारणार नाहीं' असें त्याच्या देखत म्हणूं नये. घरांत रोज प्रार्थना व्हावी. पण त्याहूनहि मुलांच्या मनावर ठसतें तें हें कीं, प्रार्थनेवरून उठलेला बाप गड्याशीं कसा बोलतो, आणि आई शेजारणीविषयीं काय म्हणते.

पेरलेलें बीं रात्रंदिवस वाढतें, आणि तें कसें वाढतें हें शेतकऱ्यास कळत नाहीं, असा एक दाखला प्रभूनें दिला आहे. नांगरणें, पेरणें, तण काढणें हें आपलें काम. वाढ देणें हें ईश्वराचें. आपलें काम आपण आज केलें म्हणजे झालें. उद्यां सकाळीं पुन्हां तेंच करावयाचें आहे, आणि त्यांत कंटाळण्यासारखें कांहीं नाहीं; कारण जो हें काम आपल्यामध्यें करीत आहे तो कधीं कंटाळत नाहीं.