एक बटण, चार दारं

एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताला मूल, खांद्यावर पर्स आणि गाडीची चारही दारं एकेक करून बंद करायची! जुन्या गाडीत ही कसरत अजून चालूच असते. त्यात मागचं डावं दार हमखास उघडं राहतं. रविवार कारंज्याच्या गर्दीत दोन दुकानं पुढे गेल्यावर आठवतं, "अगं, ते दार लावलं होतं का गं?" मग पुन्हा मागे फिरा.

खरं तर नाशिक म्हणजे गाड्यांचं गाव. २००२ मध्ये आलेली महिंद्रची स्कॉर्पिओ इथल्याच कारखान्यात तयार झाली. सातपूर-अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. तरी आपल्याच गाडीच्या दारात काय असतं, हे विचारलं की आपण "ते ह्यांना विचारा" म्हणून मोकळ्या होतो.

हल्लीच्या बहुतेक नव्या गाड्यांना रिमोट कंपनीकडूनच मिळतो. पण जुनी आल्टो, वॅगन आर किंवा २०१४ मध्ये बंद झालेली मारुती ८०० घरात असेल, तर बाहेरून अलार्म आणि सेंट्रल लॉक बसवून घ्यावं लागतं. हे काम अर्ध्या दिवसात होतं. पण ते कसं होतं हे आपल्याला ठाऊक हवं. कारण या बटणाशी आपल्या लेकराबाळांची सुरक्षितता बांधलेली आहे.

दारात काय बसवतात?

दाराच्या आतल्या बाजूचं आवरण काढलं की कुलपाची एक बारीक सळई दिसते. आपण खिडकीशी असलेली खुंटी खाली दाबतो, तेव्हा हीच सळई हलते. या सळईला एक छोटी मोटर जोडतात. तिला ॲक्चुएटर म्हणतात. मोटरला एका दिशेने वीज दिली की सळई खाली जाते, उलट दिशेने दिली की वर येते. झालं, इतकंच!

बाकीच्या दारांच्या मोटरला दोन वायरी असतात, ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला बहुधा पाच. त्या जादा तीन वायरी निरोप्याचं काम करतात. ड्रायव्हरचं दार किल्लीने लावलं की त्या बाकीच्या दारांना कळवतात, "चला, तुम्हीही लागा."

अलार्मचा डबा डॅशबोर्डच्या आत लपवतात. रिमोटचं बटण दाबलं की हा डबा मोटरना क्षणभरच वीज देतो, साधारण एक सेकंदाच्या आत-बाहेर. तेवढ्यात काम होतं. वेळ जास्त ठेवली तर मोटर तापून जळू शकते.

काही गाड्यांना सेंट्रल लॉक असतं, फक्त रिमोट नसतो. तिथे नव्या मोटरची गरज नाही. अलार्मच्या वायरी गाडीच्या मूळ लॉकच्या वायरींना जोडायच्या. पण प्रत्येक गाडीची पद्धत निराळी. कुठे लॉकला अर्थिंगचा इशारा लागतो, कुठे पॉझिटिव्हचा. वायरीच्या रंगावर विसंबून चालत नाही. कारागिराने मीटर लावून आधी तपासायला हवं. अंदाजाने जोडलं आणि चुकलं, तर मूळ लॉकचं युनिटच जळायचं.

समोर उभं राहून बघा

काम चालू असताना खुर्ची घेऊन तिथेच बसा. "दादा, हे काय करताय?" असं विचारायला लाजू नका. चांगला कारागीर आनंदाने सांगतो.

पहिली गोष्ट, दार आणि गाडीच्या मधली वायर रबरी नळीतून गेली पाहिजे. दार रोज पन्नास वेळा उघडतं-मिटतं. उघडी वायर तिथे घासून सोलली जाते आणि शॉर्ट होते. दुसरी, बॅटरीकडून येणाऱ्या वायरीवर फ्यूज हवाच. तिसरी, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत, डाग दिलेले किंवा पक्क्या कनेक्टरने केलेले हवेत. चौथी, दाराच्या आवरणाखालचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकू देऊ नका, तो पुन्हा नीट चिकटवून घ्या. नाहीतर इगतपुरीच्या घाटात पाऊस लागला की पाणी झिरपून पायाशी येतं. आणि आवरण लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा. मोटर काचेच्या वाटेत आली तर काच अडते.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर आधी शोरूममध्ये विचारा. मूळ वायरी कापल्या तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. अनेक गाड्यांसाठी न कापता जोडता येणारे कपलरचे संच मिळतात.

ही दोन 'सोयी' आधी विचारा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बऱ्याच अलार्ममध्ये दोन आपोआप चालणाऱ्या सोयी असतात. एक म्हणजे, इंजीन चालू केलं की काही सेकंदांत दारं आपोआप बंद होतात. दुसरी म्हणजे, शेवटचं दार लावल्यावर थोड्या वेळाने अलार्म स्वतःच चालू होतो, काहींमध्ये त्याबरोबर दारंही लागतात.

समजा, मूल मागे झोपलंय, इंजीन चालू आहे आणि तुम्ही बंगल्याचं फाटक उघडायला उतरलात. सवयीने दार ओढलं. किल्ली आत, मूल आत आणि तुम्ही बाहेर! म्हणून फिटिंगच्या वेळीच विचारा, या सोयी आहेत का, आणि बंद करता येतात का. घरात लहान मूल असेल तर बंदच ठेवा. सवय लावून घ्या, उतरायचं तर किल्ली हातात.

ही भीती उगाच घातलेली नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुलं घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत अडकून दगावली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलांचं असंच झालं. उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास वाढतं. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आणि मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

म्हणून घरी उभी असलेली गाडीही कुलूपबंद ठेवा, रिमोट मुलांना खेळायला देऊ नका. कळत्या मुलांना एकदा गाडीत बसवून शिकवा: मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही, पुढच्या सीटवर यायचं, खुंटी वर ओढून दार उघडायचं, नाहीच जमलं तर हॉर्न दाबत राहायचं. मूल अडकलंच तर वाट बघू नका. ११२ ला फोन करा, आणि मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा. पुढची काच सहजी फुटत नाही.

जाता जाता

बॅटरी उतरली तर रिमोट निकामी होतो, पण किल्लीने दार उघडतं. तेव्हा किल्लीचं कुलूप अधूनमधून वापरत राहा, गंजू देऊ नका. सायरन बंद करायचं छुपं बटण कुठे बसवलंय ते स्वतः बघून ठेवा. रिमोटचा जादा सेल पर्समध्ये असू द्या. बिल आणि वायरिंगचा कागद मागून घ्या, पुढच्या दुरुस्तीला तोच उपयोगी पडतो. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात, पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर हप्त्यात थोडी सूट होती. तुमच्या विमा कंपनीत आजचा नियम विचारून घ्या.

आणि पैसे देण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. बटण दाबा, चारही दारं हाताने ओढून बघा, डिकीसुद्धा. मग एकजण आत बसा, रिमोटने दारं लावा आणि आतून खुंटी ओढून दार उघडतं ना, ते तपासा. ते उघडलं, तरच काम पूर्ण झालं समजा.