दाखल्यावरील रकाना

जून उजाडला की कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावी पालक दाखल्यांच्या खटपटीस लागतात. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती आहे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण गाव काही त्यांची जात विसरले नाही. विसरला तो कायदा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले, आणि ते न्याय्यच झाले. ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेर राहिले.

ख्रिस्ती धर्म जात मानीत नाही, मग सवलत कशाला, असे विचारले जाते. तत्त्व ठीक आहे. परंतु वस्तीने आणि सोयरिकीने बायबल वाचलेले नसते! धर्माची ही अट काढावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगांना मुदती मिळतात, मुलांच्या शिक्षणाच्या वयाला मुदतवाढ नसते.

माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. जवळच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले, ती कथा ती आजीकडून ऐकत आली. गुण तिने मिळवावेत, त्यासाठी रात्री जागावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धर्माच्या रकान्यात खरे लिहिल्याचा दंड तेवढा तिला होऊ नये.