चालतीं प्रेतें व पिसाळरोग



कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मेलेल्या माणसांस उठवून चालावयास लावणारा विषाणु खरोखर असूं शकेल काय? आणि तो पसरल्यास जगाचा नाश होईल काय?" वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'झाँबी' ही कल्पना कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाची. तेथें फ्रेंच मळेवाले आफ्रिकेंतून आणिलेल्या गुलामांकडून उंसाच्या मळ्यांत मरेपर्यंत काम करवून घेत. १८०४ सालीं तो देश स्वतंत्र झाला. परंतु मेल्यावरहि एखादा मांत्रिक आपणांस उठवून राबवील, ही भीति लोकसमजुतींत राहिली. मूळचा झाँबी कोणास चावत नाहीं. तो इच्छाशक्ति हिरावलेला गुलाम आहे. माणसें खाणारीं प्रेतें पुढें जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटापासून लोकप्रिय झालीं.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. विषाणूस स्वतंत्र जीवन नाहीं. जिवंत पेशींत शिरून, तिचीच सामग्री वापरून, तो आपली संख्या वाढवितो. पेशी मेली कीं त्याचा कारखाना बंद पडला. सबब प्रेतास उठविणारा विषाणु संभवत नाहीं.

परंतु जिवंत प्राण्याचा स्वभाव पालटून त्यास चावावयास लावणारा विषाणु मात्र आहे, आणि त्याचें वास्तव्य आपल्याच गल्लींत असूं शकतें. त्याच्यामुळें होणारा रोग म्हणजे पिसाळरोग ऊर्फ रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेंतून हा विषाणु जखमेंत उतरतो, मज्जातंतूंत शिरतो, व त्यांच्या वाटेनें मुंगीच्या पावलांनीं मेंदूकडे चढत जातो. मेंदू गांठल्यावर तो लाळेच्या ग्रंथींत पोहोंचतो. इकडे प्राणी बेभान होऊन चावत सुटतो. माणसास हा रोग झाला म्हणजे पाण्याच्या नुसत्या दर्शनानेंहि घशास आंचके येतात. लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य.

मग या रोगानें जग कां बुडालें नाहीं? एक तर तो माणसापासून माणसास सहसा होत नाहीं. दुसरें असें कीं, मेंदूपर्यंतच्या प्रवासास त्यास बहुधा कित्येक आठवडे, कधीं महिनेहि लागतात. हा अवधि हीच आपली संधि होय. पॅरिस येथें ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांच्या देखरेखीखालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचण्यास आरंभ झाला, व तो मुलगा वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था स्थापन झाल्या.

इतकें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें या रोगानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा आहे. लस असतां मुलें कां मरावीं? त्याचें एक कारण आम्हीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या लहानपणीं शेजारच्या एका सोबत्याच्या पोटरीस कुत्र्याच्या पिलाचा दांत लागला. वडील रागावतील या भयानें त्यानें ती गोष्ट लपविली व आम्हांकडूनहि वचन घेतलें. तें वचन आम्हीं पाळलें. दीड महिन्यानें पाण्याचा पेला पाहून तो किंचाळूं लागला, तेव्हां आम्हीं सर्व सांगून टाकलें. परंतु वेळ निघून गेली होती. त्याच्या आईनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तथापि तिच्या दारावरून जातांना आजहि आमची मान वर होत नाहीं.

म्हणून मुलांनो, कुत्रें, मांजर किंवा माकड चावलें, अथवा त्याचा नुसता ओरखडा उठला, तरी घरीं तत्काळ सांगा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी. तींत तिखट, चुना, हळद कांहींएक भरूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा, व सांगितलेल्या सर्व टोचण्या पुऱ्या कराव्या. पूर्वीं पोटांत चौदा टोचण्या घ्याव्या लागत. आतां त्या दंडांत व थोड्याच असतात. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मूल सांगावयास आलें असतां आधीं जखम पाहावी, रागावणें मागाहून.

एका घराचें काम येथें संपतें व समाजाचें सुरू होतें. सुमारें ७० टक्के कुत्र्यांस लस टोचली तर रोगाची सांखळी तुटते, असें तज्ज्ञ सांगतात. गोव्यांत गांवोगांव फिरून कुत्र्यांस लस देण्यांत आली, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालें.

आमच्या त्या विद्यार्थ्यास उत्तर असें कीं, प्रेतें उठणार नाहींत. समाज ढांसळतो तो भय, लपवाछपवी व शेजाऱ्याविषयींची बेपर्वाई यांनीं. आणि तो सांवरावयास प्रथम एक साबणाची वडी व खरें बोलणारें एक मूल पुरेसें असतें.