आई-बाबांसाठी ई-मेल कोणता घ्यावा?

बँकेचे स्टेटमेंट, पेन्शनची स्लिप आता ई-मेलवर येते; म्हणून पत्ता टिकणारा हवा. इंटरनेट कनेक्शनसोबत मिळालेला पत्ता टाळावा. कंपनी बदलली की तो बंद पडू शकतो. जीमेल किंवा आउटलुक घ्यावे. दोन्हीकडे १५ जीबी जागा मोफत मिळते. जीमेलच्या जागेत फोटोही मोजले जातात. ती भरली की नवे मेल येत नाहीत. २ वर्षे न वापरलेले गूगल खाते काढून टाकले जाऊ शकते.

बँकेत असताना आम्ही नॉमिनी न नोंदवलेल्या घरांची धावपळ पाहिली आहे. ई-मेलचेही तसेच. ‘रिकव्हरी’साठी आई-बाबांचा चालू मोबाइल नंबर आणि मुलांपैकी एकाचा ई-मेल आजच नोंदवावा. पासवर्ड मात्र त्यांच्याच वहीत, त्यांच्याच कपाटात राहू द्यावा.