रानपिंगळ्याची खरी नोंद

बँकेच्या खतावणीतील प्रत्येक नोंदीमागे प्रमाणक असावे लागते. प्रमाणकच खोटे निघाले, तर नोंद कितीही नीटनेटकी असली तरी हिशेब फसतो. पक्षिशास्त्रातही हाच नियम लागू पडतो. तेथील प्रमाणक म्हणजे संग्रहालयात जतन केलेले पक्ष्याचे पेंढा भरलेले कातडे आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. पक्षी कोणी, कोठे व केव्हा मिळविला, याची नोंद त्या चिठ्ठीवर असते. छत्तीसगड आणि खानदेश यांना जोडणारी रानपिंगळ्याची कथा ही अशाच एका खोट्या चिठ्ठीची कथा आहे.

सात नमुने

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक लहानसे घुबड मिळाले. भिलाईलगतच्या जामुलहून रायपूरमार्गे पूर्वेकडे निघाले की महामार्गावरच बसना लागते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि तिला ब्लेविट यांचे नाव दिले. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांना खरियारजवळ दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यांनी खानदेशात शहादा-तळोदा परिसरातून आणखी काही नमुने जमविले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. आणि १८८४ नंतर हा पक्षी जणू अदृश्यच झाला.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ हे साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. सलीम अली व डिलन रिप्ले यांनी १९७० च्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला, परंतु त्यांना यश आले नाही.

कातड्याची साक्ष

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासमवेत हे नमुने नव्याने तपासले. गावाकडे सर्रास दिसणारा पिंगळा आणि रानपिंगळा प्रथमदर्शनी सारखेच भासतात. मात्र पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याचा माथा व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची असते. त्याची छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख व शेपटीवर रुंद पट्टे आणि चोच व नखे अधिक दणकट असतात.

१९१४ च्या नमुन्याची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा तो उसवून पुन्हा भरल्याचे उघड झाले. आतील मूळ काम डेव्हिडसन यांच्या हातचे होते! त्यांनीच तयार केलेला नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. मांडवीची नोंद रद्द झाली आणि शोधाची दिशाच बदलली.

शहाद्याची सकाळ

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी विश्वसनीय चिठ्ठ्यांवरील गावेच धुंडाळण्याचे ठरविले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी खात्रीची नोंद झाली होती.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला. तो दिवसाही वावरतो आणि सागाच्या शुष्क पानझडी वनांत राहतो. ही वने तुटत गेल्यास त्याला दुसरा आसरा नाही. आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त गटातून संकटग्रस्त गटात आला. धोका मात्र टळलेला नाही.

एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना अनेक वर्षे चुकीच्या वाटेने नेले आणि शंभर वर्षांपूर्वीच्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी अखेर त्यांना पक्ष्यापर्यंत पोहोचविले. आपण आज केलेली नोंद उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही. म्हणूनच ती खरी असावी लागते.