शांतारामांची श्रेष्ठ कृती कोणती?

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, या प्रश्नावर महाराष्ट्रातील रसिकांत अद्याप एकमत नाही; आणि ज्या दिग्दर्शकाने प्रभात कंपनीच्या छत्राखाली 1937 साली ‘कुंकू’, 1939 साली ‘माणूस’ आणि 1941 साली ‘शेजारी’ अशा तीन कृती अल्पावकाशात निर्माण केल्या, त्याच्याविषयी हा वाद दीर्घकाळ चालावा, हे स्वाभाविकच होय.

‘दो आँखें बारह हाथ’चे पक्षपाती 1958 च्या बर्लिन महोत्सवातील गौरवाचा दाखला देतात आणि सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची उदात्तता पुढे करतात, परंतु त्या उदात्ततेत उपदेशाचा अंश अधिक आहे. ‘माणूस’मध्ये गणपत शिपाई मैनेला तिच्या पूर्वायुष्यातून बाहेर काढू पाहतो, आणि समाजाचा निष्ठुर कायदा दोघांवर मात करतो, तेथे करुणा निःसंशय अधिक खोल आहे.

तथापि ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’त, वृद्ध वकिलाशी फसवणुकीने लग्न लावून दिलेली नीरा त्या विवाहाचा अंमल मनाने कबूल करण्यास ठाम नकार देते, शांता आपटे यांचा तेजस्वी अभिनय त्या नकाराला वाचा देतो, आणि केशवराव दाते यांच्या वृद्धालाही अखेर पश्चात्तापाची प्रतिष्ठा लाभते. अन्याय करणाऱ्याचेही अंतःकरण जो उलगडून दाखवतो, तोच चित्रपट श्रेष्ठ. म्हणून माझा कौल ‘कुंकू’लाच आहे.